बेसबॉलची सीझन तिकिटं विकताना या चुका टाळा

मेजर लीग बेसबॉलमधला प्रत्येक संघ नियमित मोसमात 162 सामने खेळतो, त्यांपैकी 81 घरच्या मैदानावर. नोकरी, मुलांच्या शाळा आणि प्रवास सांभाळून 81 वेळा मैदानात जाणारा माणूस विरळाच. म्हणजे सीझन तिकीट (मोसमातल्या घरच्या सगळ्या सामन्यांचं एकत्र तिकीट) घेतानाच ठरलेलं असतं की बहुतेक तिकिटं विकावी लागणार. अमेरिकेत याला कुणी 'ब्लॅक' म्हणत नाही. 2007 साली लीगने स्टबहब या तिकीट पुनर्विक्रीच्या ऑनलाइन बाजाराशी करार केला आणि पुनर्विक्रीला राजमान्यता मिळाली. 2023 मध्ये अधिकृत बाजाराचा मान सीटगीककडे गेला. राजमान्य असला तरी हा धंदा सोपा नाही, कारण माल नाशवंत आहे. मंडईतली मेथी निदान दुसऱ्या दिवशी पाणी मारून पुन्हा मांडता येते. काल रात्रीच्या सामन्याच्या तिकिटाला आज काडीची किंमत नसते.

'मला 45 ला पडलं, 45 ला विकतो'

सगळ्यांत जास्त आढळणारी चूक हीच. गणित मांडून पाहा. समजा तुमचं तिकीट 45 डॉलरना पडलं, बाजार विक्रेत्याकडून 15 टक्के कापतो आणि खरेदीदाराकडून वर 22 टक्के घेतो. (दर बाजारागणिक आणि सामन्यागणिक बदलतात; स्वतःच्या खात्यातले ताजे आकडे घालून हिशेब करा.) 45 हातात पडायला लिस्टिंग (बाजारातली विक्रीची नोंद) 53 ला लावावं लागतं, आणि गिऱ्हाइकाला ते सुमारे 65 ला पडतं. उलट बाजूने पाहिलं तर, एखाद्या मंगळवारच्या सामन्यासाठी 30 डॉलर मोजणाऱ्या माणसाचे तुमच्या पदरात जेमतेम 21 पडतात.

12 मे 2025 पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार तिकिटाची शुल्कासह पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते. पूर्वी 49 चा आकडा दाखवून शेवटच्या पानावर शुल्क चढवण्याची पळवाट होती, ती बंद झाली. त्यामुळे 49, 99 असे आकडे लिस्टिंगच्या खान्यात भरून उपयोग नाही. गिऱ्हाईक म्हणून त्याच पानावर जा, तुमचं लिस्टिंग त्याला कितीला दिसतंय ते बघा आणि तो आकडा 50 किंवा 100 च्या आत बसवा. लोक शोधताना याच मर्यादा लावतात.

तुम्ही किती दिले होते याच्याशी बाजाराला देणंघेणं नाही. त्याच रांगेतलं, त्याच विभागातलं तिकीट आत्ता कितीला मिळतंय, एवढंच तो बघतो. त्यात क्लब स्वतःसुद्धा आला. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने 2009 मध्ये सुमारे 2,000 खुर्च्यांवर मागणीनुसार बदलणारे दर आजमावले आणि 2010 पासून ते सगळ्या मैदानाला लावले. आज ही पद्धत सर्रास आहे. म्हणून किंमत ठरवण्याआधी क्लबचं स्वतःचं तिकीट पान उघडायचं. क्लब 38 ला विकत असेल तर तुमच्या 65 कडे कोण फिरकेल?

'हाऊसफुल्ल'च्या पाटीवरही विसंबू नका. बॉस्टनच्या फेनवे पार्कमध्ये मे 2003 ते एप्रिल 2013 या काळात नियमित मोसमाचे सलग 794 सामने अधिकृतपणे हाऊसफुल्ल होते. तरीही त्या मालिकेच्या शेवटच्या काळात पुनर्विक्रीच्या बाजारात छापील किमतीखाली तिकिटं मिळत होती. क्लबने तिकीट विकलं, एवढंच ती पाटी सांगते.

भागिले 81

सीझन तिकिटाची किंमत 81 ने भागून प्रत्येक सामना सारख्याच मोलाचा धरणं ही दुसरी मोठी चूक. मोसमाची बरीचशी किंमत मोजक्या तारखांत साठलेली असते: ओपनिंग डे, शनिवारची संध्याकाळ, यांकीज-रेड सॉक्ससारखं हाडवैर, बॉबलहेड (डोकं हलणारी खेळाडूची छोटी बाहुली) वाटपाचा दिवस. 16 मे 2024 ला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी आपला तारा शोहेई ओहतानी याचा बॉबलहेड वाटला, तेव्हा लोक दुपारपासूनच रांगेत होते. (बॉबलहेड गेटवर, पहिल्या ठरावीक हजारांनाच मिळतो. 'तिकिटासोबत बॉबलहेड' असं लिस्टिंगमध्ये कधीही लिहू नका.) उरलेल्या तारखा म्हणजे एप्रिलच्या थंडीतले मंगळवार-बुधवार, शाळा चालू, समोर तळाचा संघ.

उदाहरणादाखल दोन खुर्च्या घेऊ. प्रत्येकी 45 डॉलर, 81 सामने, एकूण 7,290. समजा 12 सामने तगडे आहेत आणि एका तिकिटामागे 90 हातात येतात. 29 बरे आहेत, 42 देतात. 40 पडेल आहेत, 18 देतात. तुम्हाला स्वतःला 20 सामने पाहायचे आहेत.

बहुतेक जण 12 तगडे आणि 8 बरे सामने स्वतःकडे ठेवतात. उरलेल्यांतून 3,204 डॉलर येतात आणि 20 सामन्यांचा निव्वळ खर्च 4,086 होतो. याउलट 20 पडेल सामने स्वतः पाहिले आणि बाकी सगळे विकले, तर 5,316 येतात आणि खर्च 1,974 वर येतो. खुर्च्या त्याच, सामन्यांची संख्याही तीच, पण फरक 2,112 डॉलरचा.

याच गणिताचा पुढचा भाग कुणी करत नाही. ते 20 पडेल सामने सीझन तिकीट न घेता सरळ बाजारातून घेतले असते, तर गिऱ्हाइकाला पडणाऱ्या सुमारे 26 डॉलरच्या दराने दोघांचे 1,040 लागले असते. चांगले 20 घेतले असते तर 4,050 च्या आसपास, म्हणजे सीझन तिकिटाच्या खर्चाएवढेच. तेव्हा तिकिटं विकून पैसे वसूल होतील या भरवशावर सीझन तिकीट घेऊ नका. त्यात खरं मोल असतं ते पोस्टसीझनच्या (नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) तिकिटांच्या हक्काला आणि ठरावीक खुर्चीला. त्या दोन गोष्टी नको असतील तर गिऱ्हाईक व्हा, विक्रेता नको.

चौघांनी मिळून खुर्च्या घेतल्या असतील तर सामने वाटताना आळीपाळीने एकेक निवडा. क्रम एका फेरीत 1-2-3-4, तर पुढच्या फेरीत 4-3-2-1 ठेवा. महिन्यांप्रमाणे वाटलेत तर एप्रिल वाट्याला येणारा माणूस पुढच्या वर्षी सोबत नसेल.

भाव चढेल म्हणून थांबणं

अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू स्वीटिंग यांनी बेसबॉल तिकिटांच्या पुनर्विक्रीवर केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. सामना जवळ येईल तसे विक्रेते किंमत 40 टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरवतात, असं त्यात दिसलं. कारण साधं आहे. महिनाभर हाताशी असताना विक्रेत्याला 'आज नाही तर उद्या' म्हणता येतं. सामन्याच्या दिवशी दुपारी तो 'उद्या' संपलेला असतो आणि सगळ्यांचाच माल अंगावर असतो.

म्हणून किमतीचा उतार आधीच ठरवून ठेवा. चार-सहा आठवडे आधी, तुलनेच्या तिकिटांपेक्षा थोडं वर लिस्ट करा. तीन आठवडे उरले की बरोबरीला या. शेवटच्या आठवड्यात तुमच्या विभागातल्या सगळ्यात स्वस्त तीन लिस्टिंगमध्ये राहा. शेवटच्या 48 तासांत दिवसातून दोनदा तपासा. कुणीतरी 5 डॉलरला एक जोडी फेकली म्हणून लगेच तिच्याखाली जाऊ नका. ती जोडी विकली गेली की भाव पुन्हा वर सरकतो. तुमच्या विभागात अशा वीस जोड्या असतील, तर मात्र निमूट उतरा.

उतरायची मुभा आहे का, तेही तपासा. 2013 मध्ये यांकीजनी स्टबहब सोडून टिकेटमास्टरवर स्वतःचा बाजार काढला आणि त्यात किमान किमतीची अट घातली. ज्याचा बाजारभाव त्या किमतीखाली होता, त्याचं तिकीट तिथे विकलंच जाईना. क्लबच्या बाजारात अशी अट आहे का, हे नूतनीकरणाआधी वाचा.

काही वेळा थांबण्यात अर्थ असतो. पिट्सबर्गला पॉल स्कीन्स किंवा लॉस एंजेलिसला ओहतानी पिचिंग (चेंडूफेक) करणार असेल तर मागणी उसळते, पण संभाव्य पिचरचं नाव थोडे दिवस आधीच कळतं आणि एका पावसाने किंवा दुखऱ्या खांद्याने ते पुढे सरकतं. नाव जाहीर होताच भाव चढला, की त्याच दिवशी विका. शेवटपर्यंत थांबून मिळणारे वरचे पाच डॉलर या जोखमीच्या मानाने काहीच नाहीत.

जुलैअखेरच्या सुमाराला येणाऱ्या ट्रेड डेडलाइनकडेही (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेकडेही) लक्ष ठेवा. संघ हरत असेल तर याच सुमाराला तो महागडे खेळाडू देऊन टाकतो आणि ऑगस्ट-सप्टेंबरची तिकिटं कोसळतात. जुलैच्या मध्याला संघ आघाडीच्या संघापेक्षा दहा-बारा सामने मागे असेल तर सप्टेंबरचे चांगले शनिवार तेव्हाच विकून टाका.

जोडी मोडणं आणि खुर्ची लपवणं

लोक तिकिटं दोन-दोन घेतात. चार असतील तर 'एकटं तिकीट उरू देऊ नये' हा पर्याय लावा. नाहीतर कुणीतरी तीन उचलतो आणि चौथं अंगावर राहतं. तीनच असतील तर तिन्ही एकत्रच विका.

खांबाआड येणारी जागा फेनवेसारख्या जुन्या मैदानांत असते, आणि ती लिस्टिंगमध्ये सांगावीच लागते. लपवली तर तक्रार येते आणि पैसे अडकतात. कडेची खुर्ची असेल तर तेही लिहा, पायऱ्यांजवळच्या जागेला थोडा जास्त भाव मिळतो. उन्हाळी दुपारच्या सामन्यात सावली विकली जाते. बहुतेक मैदानांत तिसऱ्या बेसच्या आणि होम प्लेटमागच्या (फलंदाज उभा राहतो तिथल्या मागच्या) वरच्या बाजूला ती आधी येते.

विकलं, पण पोचलं नाही

तिकिटं आता लीगच्या बॉलपार्क ॲपमध्ये किंवा क्लबच्या खात्यात असतात. बारकोडचा स्क्रीनशॉट पाठवून भागत नाही, तिकीट 'ट्रान्सफर' करावं लागतं. नेहमीच्या अडचणी तीन.

पहिली, चुकीचा ईमेल. विक्रीच्या नोंदीत जो पत्ता दिलाय तोच कॉपी करा, हाताने टाइप करू नका. पत्ता चुकला आणि समोरच्याने अजून स्वीकारलं नसेल, तर ट्रान्सफर मागे घेऊन पुन्हा पाठवता येतं. स्वीकारलं असेल तर लगेच बाजाराच्या मदत केंद्राला कळवा.

दुसरी, एकच तिकीट दोन बाजारांत लावणं. एकीकडे विकलं की दुसरीकडून त्याच क्षणी काढावं लागतं. सामन्याच्या दिवशी पाच मिनिटांत दोन्हीकडे विकलं गेलं, तर दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी बाजार बदली तिकीट घेतो आणि ते कितीही महाग असलं तरी तो खर्च तुमच्या माथी मारतो. आपोआप काढणारं सॉफ्टवेअर नसेल तर शेवटच्या दोन दिवसांत एकाच ठिकाणी ठेवा.

तिसरी, पार्किंगचा पास. तो वेगळा ट्रान्सफर होतो आणि हमखास विसरला जातो.

पाऊस आणि पोस्टसीझन

सामना पावसाने पुढे ढकलला तर विक्री रद्द होत नाही. तिकीट नव्या तारखेला चालतं आणि गिऱ्हाइकाची गैरसोय झाली तरी सौदा कायम राहतो. पण तुमचं तिकीट अजून विकलं गेलं नसेल तर नवी तारीख बघून किंमत नव्याने लावा. शनिवारचा सामना सोमवारी दुपारी गेला तर जुना भाव विसरा.

पोस्टसीझनमध्ये 'गरज पडल्यास' खेळल्या जाणाऱ्या सामन्यांचा घोळ असतो. सामना झालाच नाही तर गिऱ्हाइकाला पैसे परत मिळतात आणि तुम्हाला विक्रीचं काहीच मिळत नाही. ते पैसे येणार असं धरून पुढचा खर्च करू नका. यजमानपदही आधी पक्कं नसतं. 2025 च्या नियमित मोसमात टोरोंटोचे 94 विजय होते आणि डॉजर्सचे 93. त्या एका विजयामुळे वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा पहिला, दुसरा, सहावा आणि सातवा सामना टोरोंटोला गेला. लॉस एंजेलिसला मधले तीनच मिळाले.

कर, कायदा आणि व्हिसा

न्यूयॉर्क राज्यात मोठ्या मैदानाच्या 1,500 फुटांच्या आत उभं राहून तिकीट विकता येत नाही. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असतो, म्हणून विक्री ऑनलाइनच ठेवा.

2025 च्या कायद्यानंतर 1099-के फॉर्मची (ऑनलाइन विक्रीची रक्कम कर खात्याला कळवणाऱ्या फॉर्मची) केंद्रीय मर्यादा पुन्हा 20,000 डॉलर आणि 200 व्यवहारांच्या वर गेली. काही राज्यांची मर्यादा त्याहून बरीच कमी आहे. फॉर्म आला नाही म्हणून नफा करमुक्त होत नाही. फॉर्मवर शुल्क कापण्याआधीची रक्कम येते, म्हणून प्रत्येक सामन्यासमोर खरेदी किंमत, कापलेलं शुल्क आणि हातात पडलेली रक्कम नोंदवा. स्वतःसाठी घेतलेलं तिकीट तोट्यात विकलं तर तो तोटा करात वजा होत नाही, पण नफ्यावर कर लागतो.

एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर जास्त जपून. जाता न आलेल्या सामन्याची दोन तिकिटं विकणं वेगळं, आणि विकण्यासाठीच चार सीझन तिकिटं घेऊन मोसमभर दुकान चालवणं वेगळं. दुसरा प्रकार विनापरवाना काम ठरू शकतो. त्या वाटेला जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

बरेच क्लब सीझन तिकिटाचं नूतनीकरण आपोआप करतात. नको असेल तर कळवण्याची शेवटची तारीख सहसा मोसम संपता संपताच असते. ती आजच कॅलेंडरमध्ये टाका आणि त्याच्या आठवडाभर आधी वरच्या नोंदींची वही उघडून बेरीज करा. एकदा कार्डावर पहिला हप्ता पडला की तो परत मागणं फार जड जातं.