लाकडी विमानाचे पंख घरी बनवताना: स्पार, गोंद आणि पट्ट्या

पीटेनपोल एअर कॅम्पर माहीत असेल तर उत्तमच, मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह गावात बर्नार्ड पीटेनपोलने 1929 मध्ये मोटारीचं फोर्ड मॉडेल ए इंजिन लावून उडवलेलं हे विमान, अजूनही लोक गॅरेजमध्ये बनवतात. मी पंखांचं सांगतो कारण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा.

कौलारू घराला जशी तुळई तसा पंखाला स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा मुख्य लाकडी दांडा. लाकूड सिटका स्प्रूस घ्या, नाही मिळालं तर डग्लस फर, ते थोडं जड पण मजबूत. फळी हातात आली की आधी गाठी बघा, मग टोकाकडे इंचाला किती वर्षरेषा आहेत ते मोजा, निदान 6 हव्यात. लाकडाच्या धाग्यांच्या रेषा फळीच्या कडेला किती तिरक्या जातात तेही बघा, 15 इंच लांबीत 1 इंचापेक्षा जास्त सरकल्या तर ती फळी स्पारला नको, कितीही सुंदर दिसली तरी. नुसत्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, टोकाची एक चीप फोडून बघा, लाकूड जिकडे फुटतं तीच खरी रेष.

आता गोंद. टी-88 इपॉक्सी एकास एक मापाने मिसळायचं, फार घट्ट क्लॅम्प केलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. (रिसॉर्सिनॉल या दुसऱ्या गोंदाचं उलटं, त्याला दाब लागतो आणि फट अजिबात चालत नाही.) चिकटवायचा स्प्रूसचा पृष्ठभाग धारदार रंध्याने साफ करा, सँडपेपर मारू नका, भुसा छिद्रांत भरतो. आणि प्रत्येक वेळी मिसळलेल्या गोंदाचा एक नमुना तुकडा चिकटवून ठेवा, वाळल्यावर हातोड्याने तोडा, लाकूड फाटलं पाहिजे, गोंदाच्या रेषेतून सुटला तर त्या दिवसाचं सगळं काम संशयास्पद, पुन्हा करा.

रिबसाठी, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांसाठी, पाटावर ड्रॉइंग चिकटवा, वर प्लॅस्टिक, ठोकळे ठोका आणि पाव बाय अर्धा इंच पट्ट्या त्यात बसवा, सांध्यांवर पातळ बर्च प्लायचे गसेट (सांधा धरणारे छोटे तुकडे) दोन्ही बाजूंनी. दोन-तीन झाल्या की हात बसतो.

स्पार दोन तुकड्यांतून जोडायचाच असेल तर तिरका सांधा 1:12 उताराचा, म्हणजे 20 मिमी जाडीला 240 मिमी लांब, आणि फिटिंगपासून (बोल्टने बसवायच्या धातूच्या जोडांपासून) लांब. जिथे बोल्ट येतात तिथे दोन्ही बाजूंनी प्लायच्या पट्ट्या लावतात, पण पट्टीचं टोक सरळ कापू नका, हळूहळू पातळ करत न्या. जाडी अचानक बदलते तिथेच ताण साठतो, आणि लाकूड दबून बारीक आडव्या भेगा पट्टीच्या टोकाशीच पडतात, जुन्या लाकडी पंखांत तपासणारे आधी तिथेच टॉर्च तिरका धरून बघतात. बॉक्स स्पार (आतून पोकळ, बाजूंना प्लाय लावलेला) असेल तर बाजूच्या प्लायचे धागे 45 अंशात ठेवा, कातर ताण त्या दिशेला जास्त झेलतो.

बोल्टच्या भोकांत आतून वार्निश, मोठे वॉशर, आणि नट इतकाच आवळा की वॉशर लाकडात रुतणार नाही. वार्निश सगळीकडे, फक्त पुढे गोंद लागणार तिथे नको. खालच्या बाजूला प्रत्येक कप्प्यात पाणी निघायला भोक ठेवा, साचलेलं पाणी लाकूड कुजवतं.

कापड चढवण्याआधी दुसऱ्या अनुभवी बिल्डरला पंख उघडा असतानाच दाखवा, प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायला सांगा, आणि ते नमुना तुकडेही तारीख टाकून त्याच्यासमोर मांडा.