व्हिशी आणि परिसर : दोन दिवसांत कसा पाहावा

व्हिशी म्हटले की अनेकांना दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी करणारे फ्रेंच सरकारच आठवते. परंतु मध्य फ्रान्समधील आलिये नदीकाठच्या या गावाची मूळ ओळख खनिजयुक्त झऱ्यांची आहे, आणि 2021 मध्ये युनेस्कोने युरोपातील ज्या 11 स्नाननगरांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत फ्रान्समधील हे एकमेव. पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून सुटणारी क्लेरमाँ-फेराँची गाडी सुमारे तीन तासांत येथे पोहोचवते. मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या वाट्याला दगदगच येते.

पहिला दिवस पायी फिरण्यासाठी राखावा. सुरुवात ‘पार्क दे सूर्स’ या उद्यानापासून करावी. पहिल्या नेपोलियनच्या 1812 मधील आदेशातून ते आकाराला आले, तर त्याच्या कडेने जाणारा लोखंडी छताचा मार्ग पॅरिसच्या 1889 च्या जागतिक प्रदर्शनातून येथे आणून बसवण्यात आला. एका टोकाला लोखंड व काचेचा झऱ्यांचा मंडप आहे. तेथील शोमेल, ग्रांद ग्रिय यांसारख्या उष्ण झऱ्यांचे पाणी परंपरेने वैद्यांच्या सल्ल्याने प्यायचे असते, त्यामुळे हौशी पाहुण्याने चव घ्यायची ती नदीजवळच्या सेलेस्तँ झऱ्यावर. हे पाणी थंड असते आणि खाण्याचा सोडा घातल्यासारखे लागते. त्यात सोडियम बरेच असल्याने रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी एखाद्या घोटावर थांबलेले बरे. तेथून नदीकाठची उद्याने आणि तिसऱ्या नेपोलियनच्या काळातील लाकडी सज्जांची घरे जवळच आहेत.

ऑपेरागृह मात्र चुकवू नये. 10 जुलै 1940 रोजी याच नाट्यगृहात फ्रेंच संसदेने 569 विरुद्ध 80 मतांनी त्या सरकारचे प्रमुख मार्शल पेताँ यांच्या हाती सर्वाधिकार सोपवले. विरोधात उभ्या राहिलेल्या त्या 80 जणांची स्मरणपाटी तेथे आहे. ती शोधून वाचावी. हा इतिहास टाळून केवळ सुंदर इमारती पाहणे मला अपुरे वाटते.

दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घ्यावी, कारण खेड्यांकडे जाणाऱ्या बस तुरळक आहेत. उत्तरेकडे बिय्यी येथील किल्ला पाहून शारू या तटबंदीच्या गावात जावे. तेथे पारंपरिक पद्धतीने बनवलेली मोहरीची चटणी मिळते. वाटेत सँ-पुर्सँचे द्राक्षमळे लागतात. दुपारच्या जेवणाला बटाटा व सायीचे ‘पाते’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) मागवावे, मात्र काही ठिकाणी त्यात डुकराचे मांस घालतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. गाडी चालवायची नसेल, तर रेल्वेने क्लेरमाँ-फेराँ गाठून 1,465 मीटर उंचीच्या प्वी द दोम या सुप्त ज्वालामुखीवर जावे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दंतचक्री रेल्वे आहे. वर वारा बोचरा असतो, म्हणून उन्हाळ्यातही स्वेटर जवळ ठेवावा आणि ढग असतील त्या दिवशी हा बेत सोडून शारूच गाठावे.