जुन्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदलताय? या चुका टाळा

एसएसडी टाकली, रॅम वाढवली, तरी व्हिडिओ कॉल अडखळतोच. सात-आठ वर्षांहून जुन्या लॅपटॉपमध्ये हे बऱ्याचदा वायफाय कार्डामुळे होतं, कारण स्वस्त मॉडेलांतल्या कार्डांना फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. या बँडवर एकमेकांत न घुसणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत वर-खाली, डावी-उजवीकडे, समोरच्या विंगेत सगळीकडे राऊटर, आणि सगळे याच तीन चॅनेलांवर. ५ गिगाहर्ट्झचं कार्ड बसवलं की या गर्दीतून सुटका होते. काम फारसं अवघड नाही. ते फसतं ते बहुधा स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधीच.

लॅपटॉप न उघडता कार्ड घेणं

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दुकानदार आधी विचारणार, ‘कुठलं कार्ड आहे आतमध्ये?’ उत्तर नसेल तर तो अंदाजाने काहीतरी देईल. म्हणून घरीच मागचं झाकण काढा आणि कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. साधारण २०१४ पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड असतं. अर्ध्या लांबीचं असेल तर सुमारे २७ × ३० मिमी. त्यानंतरच्यांत बहुतेक एम.२, २२३० मापाचं, म्हणजे २२ × ३० मिमी. बारीक लॅपटॉपमध्ये ते १२ × १६ मिमीचं आणि मदरबोर्डवर थेट डाखलेलं सापडलं, तर झाकण परत लावा आणि वायफायचा यूएसबी डोंगल घ्या.

मिनी पीसीआय एक्सप्रेसचे दोन स्लॉट दिसले तर रिकामा दुसरा स्लॉट वापरायचा मोह होतो. तो बऱ्याचदा सिमकार्डच्या मोडेमसाठी किंवा एमसाटा नावाच्या छोट्या एसएसडीसाठी असतो. कार्ड त्यात छान बसतं, पण विंडोजला दिसतच नाही. जुनं कार्ड ज्या स्लॉटमध्ये होतं, त्यातच नवीन घाला.

एएक्स२०० आणि एएक्स२०१ एकच समजणं

इंटेलच्या या दोन वायफाय कार्डांच्या नावात एका अंकाचा फरक, स्लॉटही तोच, पण एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं एकटी चालत नाहीत. वायफायचं निम्मं काम त्यांनी इंटेलच्या नव्या चिपसेटवर (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपवर) सोपवलेलं असतं. जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये ती निरुपयोगी, एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपमध्ये तर कधीच चालणार नाहीत. ती स्वस्त मिळतात ती यामुळेच. जुन्या एम.२ लॅपटॉपसाठी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. मात्र विंडोज ७ वर अडून असाल तर या दोन्हींना ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नाही; इंटेलचीच जुनी ७२६० किंवा ७२६५ कार्डं शोधा. आमच्या मते १०० एमबीपीएसच्या ब्रॉडबँडला ती पुरून उरतात.

बायोसची यादी विसरणं

ही चूक सर्वांत जास्त रडवते. लेनोवोच्या जुन्या थिंकपॅडमध्ये (टी४३०, एक्स२३० वगैरे) आणि एचपीच्या त्या काळातल्या अनेक मॉडेलांत बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर, फक्त आपल्या यादीतली मंजूर कार्डंच स्वीकारतं. दुसरं घातलं की लेनोवोवर १८०२ आणि एचपीवर १०४ क्रमांकाचा संदेश येतो आणि मशीन तिथेच थांबतं. कार्ड बिघडलेलं नसतं. जुनं परत घातलं की सगळं सुरळीत. गंमत म्हणजे तेच मॉडेल खुल्या बाजारातलं असेल तरी ते नाकारलं जाऊ शकतं, कारण बायोस कार्डाच्या आतला कंपनीचा ओळख क्रमांकही तपासतं. म्हणून लेनोवोसाठी एफआरयू (सुट्या भागाचा) नंबर आणि एचपीसाठी स्पेअर पार्ट नंबर सर्व्हिस मॅन्युअलमधून काढा आणि तो छापलेलंच कार्ड मागा. बदललेलं बायोस बसवून द्यायला कोणी तयार होईलही, पण त्यात गडबड झाली तर लॅपटॉपच उठत नाही. तेवढी जोखीम एका कार्डासाठी घेऊ नये.

बसवताना

नवीन कार्डाचा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा. नाहीतर कार्ड बसलंय आणि इंटरनेट नाही, अशी पंचाईत होते. तशी वेळ आलीच तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे विंडोज अर्धवट झोपत नाही. चार्जर काढा, बॅटरी काढा. आतली असेल तर तिचा कनेक्टर सोडवा.

अँटेनाच्या वायरी नखाने सरळ वर उचला, वायर धरून ओढू नका. इथे मापाचा घोळ होतो: मिनी पीसीआय एक्सप्रेसवरचे कनेक्टर मोठे, एम.२ वरचे लहान. अडॅप्टरवर एम.२ कार्ड लावून जुन्या स्लॉटमध्ये घालायचं असेल तर वायरीची टोकं बसणारच नाहीत. त्याऐवजी मोठे कनेक्टर असलेलं अर्ध्या लांबीचं कार्ड घ्या. कनेक्टर बरोबर मध्यावर ठेवून बोटाने दाबा, बारीकसा ‘टक्’ जाणवतो. पक्कड वापरली की तो चेपतो. हे कनेक्टर साधारण तीसेक वेळा काढण्या-घालण्यापुरतेच बनवलेले असतात.

कार्ड तिरकं घालून मग खाली दाबायचं आणि स्क्रू लावायचा. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत जुन्या स्लॉटवर हिरवट थर दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या.

बसवलं, पण चालत नाही

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड अजिबात नाही: नीट बसलेलं नाही, किंवा स्लॉट चुकलाय. बायोसमध्ये वायरलेस बंद तर नाही ना, तेही बघा. दिसतंय, पण हार्डवेअर आयडी (कार्डाचा ओळख क्रमांक) वेगळाच: इंटेलच्या ८०८६ नंतर एएक्स२०० साठी २७२३ आणि एएक्स२१० साठी २७२५ यायला हवं. दुसरं काही आलं तर स्टिकर खोटा आहे, कार्ड परत करा.

वायफाय रेडिओ कायम ‘बंद’ दिसत असेल आणि बाजूचा स्विच चालू असेल, तर मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डाच्या कडेवरची पिन २० संशयित. खालच्या बाजूला खाचेनंतर रुंद भागातली ती दुसरी पिन. तिच्यावर वीज न वाहू देणाऱ्या कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी लावली की बहुतेक वेळा काम होतं. फक्त ब्लूटूथ गायब असेल तर वरच्या बाजूची शेवटची, ५१ क्रमांकाची पिन तशीच झाका. तरीही आलं नाही तर त्या स्लॉटला यूएसबीची जोडणी नसावी, कारण ब्लूटूथ त्याच वाटेने चालतं.

राऊटरशेजारीच सिग्नल येतो आणि दुसऱ्या खोलीत नाहीसा होतो: अँटेना सुटलीय. सगळं ठीक, पण वेग तोच जुना? वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड बघा. दोन अँटेनांच्या एसी (वायफाय ५) कार्डाला ८० मेगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस दिसायला हवं, ४३३ दिसलं तर एकच वायर लागलीय. कमी किमतीच्या काही लॅपटॉपांत मुळात एकच असते. ७२ किंवा १४४ दिसलं तर लॅपटॉप अजून २.४ वरच आहे. राऊटरच्या सेटिंगमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव द्या आणि लॅपटॉपला फक्त तेच जोडा.