पायांत अचानक बधिरपणा आणि अशक्तपणा आल्यास काय करावे

मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला येणाऱ्या मुंग्या चार पावले चालल्यावर काही मिनिटांत जातात, त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. परंतु दोन्ही तळवे बधिर झाले, पायातून चप्पल निसटली तरी कळेनासे झाले आणि काल सहज चढलेला जिना आज कठड्याला धरून चढावा लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या परिसरात जीबीएसचे, म्हणजेच गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. जुलाब किंवा तापासारखा संसर्ग होऊन गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि अशक्तपणा बहुधा पायांकडून वर सरकत जातो. तो किती वेगाने चढतो आहे, हे घरच्यांनी नीट पाहणे फार मोलाचे आहे. आधाराला माणूस उभा ठेवून रुग्णाला टाचांवर व चवड्यांवर उभे राहता येते का, हाताचा टेकू न घेता खुर्चीतून उठता येते का, हे एकदा पाहावे आणि वेळेसह कागदावर लिहावे. मात्र हे पाहण्यात निघण्याची वेळ दवडू नये.

श्वास अपुरा पडणे, खोकल्यातला जोर जाणे, घोट गिळताना ठसका लागणे, चेहरा सैल पडणे किंवा एकाच्या जागी दोन दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास लगेच 108 ला फोन करावा. कंबरदुखीसोबत जांघेची व बैठकीची जागा बधिर होऊन लघवी अडली किंवा तिच्यावर ताबा राहिला नाही, तर मणक्यातील नसा दाबल्या गेल्याची शक्यता असते आणि तिथे काही तासांचा उशीरही महागात पडतो. एकाच बाजूचा हात-पाय लुळा पडून बोलणे अडखळले, तर पक्षाघात समजावा. पाय दुखून पांढरा व गार पडला, तर रक्तपुरवठा खंडित झाला असण्याची भीती असते. या तिन्ही प्रसंगी थेट आपत्कालीन विभाग गाठावा.

घरी तेलाने चोळणे, शेकणे आणि बी-12 चे इंजेक्शन घेऊन दोन दिवस वाट पाहणे, हे आपल्याकडे हमखास घडते. बधिर पायाला गरम पिशवीचा चटका कळत नाही आणि फोड येतात, हे कृपया लक्षात ठेवावे. स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

शक्यतो मेंदूविकारतज्ज्ञ आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय निवडावे. त्रास केव्हा सुरू झाला, गेल्या सहा आठवड्यांत जुलाब किंवा ताप आला होता का, शेवटची लघवी केव्हा झाली आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे न विचारता सांगावे. जीबीएसवर इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडांचे औषध), जे साधारणपणे पाच दिवस शिरेतून देतात, किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणे हे उपचार आहेत आणि ते लवकर, पहिल्या दोन आठवड्यांत, सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडतात. खर्च मोठा असल्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेविषयी दाखल होतानाच चौकशी करावी.

तपासून घरी पाठवले, तरी बधिरपणा घोट्यावरून गुडघ्यापर्यंत चढला किंवा सकाळी जमलेले टाचांवरचे उभे राहणे संध्याकाळी जमेनासे झाले, तर तोच कागद घेऊन त्याच रात्री परत जावे.