पहिल्यांदा मातीत गाडी घालताना: नागपूरकरांसाठी तयारीची यादी

नागपुरात ऑफ-रोडिंग, म्हणजे रस्ता सोडून मातीत मोटरसायकल चालवणं, सुरू करणाऱ्या बहुतेकांकडे एकच गाडी असते. सोमवारी तिच्यावर ऑफिस, रविवारी तीच मातीत, आणि संध्याकाळी तिच्यावरच घर. ती उचलून न्यायला मागून पिकअप व्हॅन येत नसते. म्हणून पहिल्या खेपेची सगळी तयारी एकाच प्रश्नावर तपासून घ्या: गाडी दोन-चारदा आडवी झाल्यावरही तिच्यावर बसून उमरेड रोडने किंवा काटोल रोडने घरी येता येईल का? यादीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे या प्रश्नावरूनच ठरतं.

सुरुवात जागेपासून करा, कारण नव्या पोरांचं चुकतं ते इथेच. शहराबाहेर पडलं की चहूकडे रान दिसतं, पण ते सगळं मोकळं नसतं. उत्तरेला पेंच, आग्नेयेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, नैऋत्येला बोर. आणि यांच्या मधल्या जंगलपट्ट्यांतून वाघांचं येणंजाणं असतं. अभयारण्यात विनापरवाना शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि राखीव वनासाठी १९२७ चा भारतीय वन कायदा आहेच. गुगल नकाशावर पायवाट दिसते म्हणजे जायला मुभा आहे असं होत नाही. उमरेड-कामठीकडच्या कोळसा खाणींजवळचे मातीचे डोंगर व्हिडिओत फार छान दिसतात, पण ती खाणीची हद्द असते. शिवाय ते ढिगारे ओतलेल्या सुट्या मातीचे. कडेला वजन पडलं की सरकतात. उन्हाळ्यात तलावाचं पाणी ओसरल्यावर दिसणारं सपाट पात्रही तसंच फसवं. वर भेगाळलेला कडक पापुद्रा आणि खाली लोण्यासारखा चिखल. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर गाळपेर असते, म्हणजे कुणीतरी तिथे काकडी-टरबूज लावलेलं असतं.

मग उरतं काय? एक तर पैसे घेऊन सराव करू देणारा खाजगी ट्रॅक किंवा शिकवणी वर्ग, नाहीतर ओळखीच्या माणसाचं पडीत वावर. ट्रॅकवाल्यांना आधीच फोन करून विचारा: रविवारी चालू असतो का, स्वतःची गाडी चालते की त्यांचीच घ्यावी लागते, फेऱ्या एकाच दिशेने मारतात का, नवख्यांसाठी वेगळा भाग आहे का, आणि कुणाला लागलं तर हजर माणूस कोण. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरी जागा शोधा. वावराच्या मालकाने ‘या ना भाऊ, पडीतच हाय’ म्हटलं, तरी शेजारच्या वावरात काय उभं आहे ते विचारून घ्या. डिसेंबरात तूर शेंगांनी लदलेली असते, हरभरा जेमतेम वीतभर असतो, आणि वळताना हँडल सुटलं की गाडी बरोबर तिकडेच जाते. धुऱ्यावरून गाडी घालायची नाही. धुरा दोन मालकांच्या हद्दीचा असतो आणि त्यावरून घराघरांत अबोले आहेत. त्यात तुमच्या टायरचे ठसे नकोत. पांधणीने जाताना समोरून बंडी किंवा कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. बैल बुजला तर तो शेतकऱ्याला आवरावा लागतो, तुम्हाला नाही.

हंगाम ठरवायला कॅलेंडरपेक्षा माती पाहा. मुरमाड माळ पाऊस थांबल्यावर लवकर निथळतो आणि चाकाला पकड देतो. काळ्या मातीचं तसं नाही. ओली काळी माती टायरला नुसती चिकटत नाही, थरावर थर चढत जाते. आधी टायरच्या खाचा बुजतात, मग चाक गुळगुळीत आणि जाड होतं, मग पुढच्या मडगार्डच्या आत माती ठासून भरते. शेवटी चाक फिरायचंच थांबतं आणि गाडी अक्षरशः घसटत न्यावी लागते. काटकीने ती माती उकरायला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि पन्नास पावलांवर पुन्हा तेच. मातीतल्या शर्यतीच्या, म्हणजे मोटोक्रॉसच्या गाड्यांचं पुढचं मडगार्ड चाकापासून बरंच वर असतं ते यासाठीही. रस्त्याच्या गाडीचं तसं नसतं. म्हणून जून ते सप्टेंबर काळ्या रानाचं नावही काढू नका. ऑक्टोबरात गवत कमरेएवढं असतं. त्यात दगडही दिसत नाही आणि सापही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर हा आपल्याकडचा खरा हंगाम. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. हेल्मेट आणि छातीचं कवच घालून त्या उन्हात राबणं ही हौस नाही, उष्माघाताला दिलेलं आमंत्रण आहे. जायचंच असेल तर उजाडताना सुरू करा आणि नऊला सगळं आवरा.

आता गाडी. एक्सपल्स किंवा हिमालयनसारखी पुढे २१ इंची चाक असलेली गाडी असेल तर उत्तमच, पण पहिल्या दिवसासाठी नवी गाडी घेण्याची गरज नाही. जुनी १५० सीसी चालते, फक्त तिचे ब्रेक आणि क्लच धड असू द्या. उलट वजनदार ॲडव्हेंचर गाडी नवख्याला फार दमवते. हिमालयन दोनशे किलोच्या आसपास आहे, आणि पाचव्यांदा उचलताना त्यातला प्रत्येक किलो आठवतो. नंबर नसलेली, निव्वळ स्पर्धेची डर्ट बाइक हाती लागली असेल तर ती रस्त्याने चालवत नेता येत नाही. तिच्यासाठी छोटा हत्ती सांगावा लागतो. त्याचं भाडं आधीच धरा.

पडल्यावर तुटणाऱ्या गोष्टींचा बंदोबस्त आदल्या रात्री करा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल ठेवायचे. इतके, की हाताने जोर लावला तर लिव्हर हँडलवर फिरेल, पण वापरताना हलणार नाही. क्लॅम्पखाली नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली तर हे छान जमतं. गाडी आडवी झाली की लिव्हर फिरतो, मोडत नाही. उभं राहून चालवताना मनगट सरळ राहावं म्हणून लिव्हर थोडे खाली झुकवून घ्या. तरीही एक क्लच लिव्हर सोबत असू द्या. तेवढ्या एका तुकड्यावाचून घरी येणं अडतं. आरसे काढून पिशवीत टाका, पण ते परत बसवायचा पाना विसरू नका, कारण परतीला रस्ता आहे. फुटपेगवरचं, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवरचं रबर निघत असेल तर काढा, ओल्या बुटाला खालचे दातच धरतात. साइड स्टँड भुसभुशीत मातीत रुततो आणि गाडी उभ्या जागी पडते. त्यासाठी डब्याचं एखादं चपटं झाकण खिशात ठेवा. चेनची ढील पुस्तकात दिली आहे तेवढीच हवी. ताणलेली चेन खड्ड्यात सस्पेन्शन दबलं की आणखी ताणते.

टायरची हवा हा या यादीतला माझा आवडता मुद्दा आहे, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि फरक मात्र पहिल्या मिनिटात कळतो. रस्त्याला २५ ते ३० पीएसआय असेल तर मातीत २० च्या आसपास आणा. टायर पसरतो, दगडावरून उसळत नाही. ट्यूबवाल्या टायरला याहून खाली जाऊ नका. रिम आणि दगडाच्या चिमटीत ट्यूब सापडते आणि तिला सापाच्या दाताचे असावेत तसे दोन छेद पडतात. अट एकच: रस्त्यावर येण्याआधी हवा परत भरायची. कमी हवेच्या टायरवर हायवेने ऐंशीने पळणं म्हणजे टायर तापवत घरी येणं. त्यामुळे प्रेशर गेज आणि छोटा पंप सोबत हवाच. बाभळीचा काटा चप्पल भेदतो तसा ट्यूबही भेदतो, आणि शेताच्या कडेला कुंपण म्हणून बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असतात. पुढच्या चाकाची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, एक्सलचा नेमका पाना, पॅच आणि सोल्यूशन घ्या. अडीअडचणीला पुढची ट्यूब मागच्या चाकात कोंबून घरापर्यंत येता येतं. यात एम-सील, झिप टाय आणि थोडी तार टाका. इंजिनच्या कव्हरला दगड लागून तडा गेला आणि तेल गळू लागलं तर एम-सीलची एक पुडी दिवस वाचवते.

अंगावरच्या साहित्यात पैसे कमी असतील तर क्रम असा लावा: हेल्मेट, बूट, गुडघे, हातमोजे, मग बाकीचं. आयएसआयचं, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट पहिल्या दिवसाला पुरतं. अर्धं हेल्मेट अजिबात नको. बूट नडगीपर्यंत असावेत, कारण गाडी आडवी होते तेव्हा घोटाच खाली सापडतो. ते परवडेपर्यंत कारखान्यात घालतात ते जाड सेफ्टी शूज चालतील, पण नाडीची टोकं आत खोचा. सुटलेली नाडी गिअर लिव्हरमध्ये अडकली की पाय खाली टेकवायला मिळत नाही आणि गाडी उभ्या-उभ्या कलंडते. पाठीवरच्या बॅगेत पाने, कुलूप, स्टीलची बाटली नको. पाठीवर पडलात तर ते सगळं मणक्यात घुसतं. पाणी पिशवीत, हत्यारं गाडीला बांधून किंवा एका झाडाखाली.

कागद कुणाला आवडत नाहीत, तरी एकदा पॉलिसी वाचा. वाहनाच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान धरत नाहीत. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती संरक्षण चालू आहे का, ते बघा. आरोग्य विम्यात साहसी खेळांबद्दलची अट व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी असते. तुमच्या पॉलिसीत ते वाक्य नेमकं कसं आहे ते विमा एजंटकडून लेखी घ्या.

तिघं जा. दोघांत एक पडला तर दुसऱ्याने त्याच्यापाशी थांबायचं की रस्त्यावर जाऊन माणसं आणायची, हा पेच पडतो. दहा जण गेले तर निम्मा दिवस वाट बघण्यात आणि धूळ खाण्यात जातो. तिघांच्याही फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट आणि घरचा नंबर दिसू द्या. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसाठी, १९२६ वनविभागासाठी. कोणत्या बाजूला आहात त्यावर कुठे न्यायचं हेही आधीच ठरवा: वर्धा रोडकडून मिहानचं एम्स, उमरेड रोडकडून मेडिकल कॉलेजचं ट्रॉमा सेंटर, काटोल-कामठीकडून मेयो रुग्णालय. पडलेल्याची मान दुखत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, हलवूही नका. हाड मोडल्याची शंका असेल तर चहा-पाणी पाजू नका. शस्त्रक्रियेची वेळ आली तर पोट रिकामं हवं.

खाण्याचं थोडक्यात. सकाळी निघताना तर्री-पोह्यांवर ताव मारायची इच्छा होईल. आवरा. ती तर्री छातीच्या कवचाखाली दहा वाजता परत भेटते. पोळी-भाजी, गूळ-शेंगदाणे, हंगाम असेल तर संत्री. पाणी हिवाळ्यातही माणशी तीन लिटर आणि ओआरएसची पाकिटं.

पोचल्यावर आधी जागा पायी फिरून बघा: नाल्याचा काठ कुठे तुटला आहे, तार कुठे आहे, विहिरीला कठडा आहे की नाही. आपल्याकडे बिनकठड्याच्या विहिरी गवतात दडलेल्या असतात, हे गंमतीने म्हणत नाही. मग सपाटीवर उभं राहून चालवणं, पहिल्या गिअरमध्ये आठचा आकडा, मागचा ब्रेक मुद्दाम लॉक करून घसरण ओळखीची करणं. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ देत नाही, म्हणून मागचं एबीएस बंद करता येत असेल तर करा. अनेक गाड्यांत किल्ली बंद केली की ते पुन्हा चालू होतं, तेव्हा प्रत्येक विश्रांतीनंतर तपासा. उड्या आणि नाला ओलांडणं या खेपेला नाही.

गाडी पडेल. आधी किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, मग गिअरमध्ये टाका, गाडीकडे पाठ करून हँडल आणि सीटखालची पकड धरा आणि मांड्यांच्या जोरावर मागे चालत उचला. वाकून कंबरेने नाही. उतारावर पडली असेल तर आधी आडवीच फिरवून चाकं उताराच्या बाजूला घ्या. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्या आडव्या झाल्या की सेन्सर इंजिन बंद करतो. किल्ली बंद-चालू केल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत, आणि तेवढ्यात बॅटरी उतरेपर्यंत बटण दाबत बसणारे कमी नाहीत.

दोन-अडीच तासांनी हात भरून येतात, बोटं क्लचवर नीट मिटत नाहीत. तिथे थांबायचं. ‘एक शेवटचा राउंड’ म्हणून जो निघतो त्यालाच बहुधा उचलून आणावं लागतं. डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, आणि हवा भरणं, आरसे बसवणं, लिव्हरचे क्लॅम्प घट्ट करणं, हेडलाइट-ब्रेकलाइट पेटतात का बघणं यात अर्धा तास सहज जातो. म्हणून उशिरात उशिरा साडेतीनला गाडी झाडाखाली लावा. निघण्याआधी वावराच्या मालकाला भेटून या, एखादा धुरा खचवला असेल तर स्वतःहून सांगा. पुढच्या रविवारी तिथेच जायचं आहे.

घरी आल्यावर गाडी त्याच रात्री धुवा, काळी माती वाळली की छिन्नी लागते. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर सरळ मारू नका. चेन पुसून तेल द्या, एअर फिल्टर उघडून बघा. धुळीच्या एका दिवसात तो महिन्याभराचं काम करतो. स्पोकची चाकं असतील तर पान्याने एकेक स्पोक वाजवा. घट्ट स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला बद्द बोलतो. असे दोन-तीन सापडले तर सोमवारी ऑफिसला जाताना आधी मेकॅनिककडे.