‘एडिटमध्ये बघून घेऊ’: कमी बजेटच्या शॉर्ट फिल्ममधल्या या चुका टाळा

शूटिंगच्या दिवशी सेटवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘असू दे, एडिटमध्ये बघून घेऊ.’ संवादाच्या मध्येच हॉर्न वाजला, बघून घेऊ. चेहऱ्यावर उजेड कमी पडला, बघून घेऊ. पदरमोड करून फिल्म करणाऱ्याला हेच वाक्य सगळ्यात महागात पडतं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना चूक निस्तरता येते. ते डबिंगसाठी स्टुडिओ घेतात, एक दिवस वाढवून पुन्हा शूट करतात. आपल्याकडे असतो तो फक्त शूटिंगच्या आधीचा वेळ. तो भरपूर असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत, तरी तोच आपण सगळ्यात कमी वापरतो. पुढच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत, उरलेल्या मित्रांच्या फिल्मवर काम करताना जवळून पाहिल्या आहेत.

सगळे पैसे कॅमेऱ्यावर, आवाज रामभरोसे

ही चूक पहिली घेतोय, कारण सर्वाधिक फिल्म हिच्यामुळे फसतात. चित्र थोडं दाणेदार असलं, रंग फिके असले तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद नीट ऐकू आला नाही तर तो दुसऱ्या मिनिटाला उठतो. तरीही बजेट मांडताना आधी कॅमेरा आणि लेन्सचं भाडं लिहिलं जातं, आणि माइकचा विषय शूटच्या आदल्या रात्री निघतो.

एक प्रसंग सांगतो. स्वयंपाकघरात बाप-लेकीचा सीन होता, दोघंच पात्रं, हळू आवाजातलं बोलणं. सेटवर सगळं छान वाटलं. एडिटला बसल्यावर कळलं की मुलीच्या क्लोजअपमध्ये फ्रिजची घरघर आहे आणि वडिलांच्या क्लोजअपमध्ये नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून चालू-बंद होत असतो. एका टेकला तो चालू होता, दुसऱ्याला बंद. त्यामुळे प्रत्येक कटला पार्श्वभूमीचा आवाज उडी मारायचा. सीन जितका शांत, तितकी ती उडी कानाला जास्त टोचायची.

उपाय साधे आहेत. शूट सुरू करण्याआधी खोलीत सगळ्यांनी एक मिनिट डोळे मिटून नुसतं ऐकायचं. फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर, घड्याळाची टिकटिक, जे ऐकू येईल ते बंद करायचं. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवा. किल्ली घेतल्याशिवाय तुम्ही निघू शकत नाही, म्हणजे फ्रिज परत चालू करायचं विसरणार नाही. दुसऱ्याच्या घरात शूट करताना ही सवय फार उपयोगी पडते.

दुसरं म्हणजे रूम टोन. सीन संपल्यावर, माइक आणि माणसं जागच्या जागी ठेवून, त्या खोलीची ‘शांतता’ तीस सेकंद ते एक मिनिट रेकॉर्ड करा. एडिटमध्ये संवादांमधल्या फटी याच आवाजाने बुजवायच्या असतात. कोऱ्या शांततेचा तुकडा टाकलात तर आवाज तुटल्यासारखा वाटतो.

माइक भाड्याने घेणं परवडत नसेल तर साधा कॉलर माइक दुसऱ्या मोबाईलला लावून तो मोबाईल कलाकाराच्या खिशात ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन टेकमध्ये कॉल येऊन रेकॉर्डिंग थांबेल. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जातं. रेकॉर्डिंगची लेव्हल ठेवताना अ‍ॅपच्या मीटरवर सगळ्यात मोठ्या आवाजाचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. किंचित हळू आलेला आवाज वाढवता येतो. फाटलेला आवाज बहुतेक वेळा परत मिळत नाही.

आधीच शूट झालंय आणि आवाज खराब आलाय? सतत एकसारखी असलेली घरघर सॉफ्टवेअरने बरीच कमी होते. रिकाम्या खोलीचा घुमारा मात्र सहजी जात नाही. तिथे डबिंगच करावं लागतं. त्यासाठी स्टुडिओच हवा असं नाही. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून, मागे जाड पांघरुणं टांगून रेकॉर्ड केलं तरी चांगला कोरडा आवाज मिळतो. कलाकाराला त्या टेकचा मूळ आवाज हेडफोनवर ऐकवा, लय आपोआप जमते.

मोबाईल ऑटोवर ठेवून शूट करणं

मोबाईलवर शूट करण्यात कमीपणा काहीच नाही. शॉन बेकर यांनी ‘टँजरिन’ हा २०१५ मध्ये आलेला पूर्ण लांबीचा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित केला होता. चूक होते ती सगळं ऑटोवर सोडण्यात. पात्र खिडकीजवळून गेलं की एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, आपोआप बदलतं, चेहरा काळवंडतो, पुन्हा उजळतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाशी जुळवून घेणारी सेटिंग, ऑटोवर असेल तर एकाच सीनमधले दोन शॉट एक पिवळा, एक निळा येतात. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. फोनच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये सोय नसेल तर सगळं हाताने ठरवता येईल असं दुसरं कॅमेरा अ‍ॅप घ्या.

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली चित्रात आडवे पट्टे फिरताना दिसले तर ते शटरमुळे असतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा १/१२०. पाच मिनिटांची चाचणी आदल्या दिवशी त्याच दिव्यांखाली घ्या. हे पट्टे नंतर काढताना नाकी नऊ येतात.

आणखी एक गोष्ट अनेकांना फार उशिरा कळते. बरेच फोन बदलत्या फ्रेम रेटने रेकॉर्ड करतात, म्हणजे दर सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या कमी-जास्त होत राहते. त्यामुळे लांब टेकमध्ये सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, शेवटी सुटतात. आवाज पुढेमागे सरकवत बसू नका. ‘हँडब्रेक’ या मोफत सॉफ्टवेअरमधून सगळ्या फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या आणि मगच एडिट सुरू करा.

खिशापेक्षा मोठी पटकथा

पाच लोकेशन, नऊ पात्रं, एक पावसाचा सीन आणि हातात दोन दिवस, हे गणित जुळत नाही. आपल्याकडे काय आहे याची यादी आधी करा: कोणतं घर मिळेल, कोणत्या वेळी मिळेल, कोण माणसं नक्की येतील. मग त्या यादीतून गोष्ट शोधा. एका खोलीतली दोन माणसं आणि त्यांच्यात न बोललेली एक गोष्ट, एवढ्यावर दहा मिनिटं सहज उभी राहतात.

लांबी मोजायला ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशोब ठरावीक साच्यात लिहिलेल्या पटकथेलाच लागू पडतो. वहीत लिहिलं असेल तर घड्याळ लावून मोठ्याने वाचा, न बोलता घडणाऱ्या क्रियाही मनात घडवत वाचा.

तालीम न करता थेट सेटवर

कलाकार मित्र आहेत, फुकट येणार आहेत, मग त्यांना आणखी दोन दिवस कसे मागायचे, या संकोचाने तालीम टाळली जाते. मग सेटवर अकरा टेक होतात, उजेड जातो आणि शेवटचे चार शॉट घाईत उरकले जातात. ख्रिस्तोफर नोलन यांनी ‘फॉलोइंग’ हा पहिला चित्रपट १९९८ मध्ये अगदी तुटपुंज्या पैशात पूर्ण केला. शनिवार-शनिवारी शूटिंग चालायचं आणि फिल्मची रीळ वाचवण्यासाठी तालीम इतकी पक्की करून घेतलेली असायची की एक-दोन टेकमध्ये शॉट मिळावा. आज आपल्याला रीळ विकत घ्यावी लागत नाही, पण मावळतीचा उजेड आणि माणसांचा उत्साह तेवढेच मोजके असतात.

दिवसाचा बेत आखताना सगळ्यात महत्त्वाचा सीन सकाळी घ्या. आधी पूर्ण सीनचा मास्टर शॉट, मग क्लोजअप, मग हात, दार, पत्र असे तुकडे. वेळ संपला तरी मास्टर हातात असतो. प्रत्येक शॉट ‘ॲक्शन’च्या आधी आणि ‘कट’च्या नंतर चार-पाच सेकंद चालू ठेवा, एडिटरला कापायला जागा मिळते. दोन पात्रं समोरासमोर असतील तर त्यांच्यामधल्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवा. रेषा ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात. ही चूक झालीच असेल तर मध्ये हाताचा किंवा वस्तूचा एखादा क्लोजअप टाकून धक्का बराच सौम्य करता येतो.

फुकट काम करणाऱ्या माणसांना वेळेवर जेवण आणि कबूल केलेल्या वेळेला सुट्टी मिळालीच पाहिजे. इथे काटकसर करू नका.

कार्ड रिकामं करण्याची घाई

फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरल्याशिवाय, आणि दोन्हीकडच्या फाइल उघडून पाहिल्याशिवाय, कार्ड फॉरमॅट करायचं नाही. शूट संपल्यावर एक ड्राइव्ह दुसऱ्या कुणाच्या तरी घरी राहू द्या. एकाच बॅगेत ठेवलेल्या दोन प्रती बॅगेसोबत एकदमच जातात.

इंटरनेटवरचं ‘फुकट’ संगीत

इथे फिल्म तयार झाल्यावर अडकते. प्रसिद्ध गाण्याचे दहा सेकंद वापरले तर चालतात, हा समज चुकीचा आहे. अशी ठरलेली सूट नसते. गाणं फिल्मला जोडायचं तर रचनेचे हक्क वेगळे आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचे वेगळे, दोन्ही परवानग्या लागतात. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा गाणं ओळखून फिल्मवर दावा लावू शकते, आणि हक्कांची खात्री नसलेली फिल्म महोत्सवही नाकारू शकतात.

क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर वापरायला खुलं केलेलं संगीत घेतानाही परवाना पूर्ण वाचा. त्यात ‘एनडी’ लिहिलेलं असेल तर ते फिल्मखाली वापरून फिल्म प्रदर्शित करता येत नाही, कारण संगीत चित्राला जोडणं हा त्या परवान्यात मूळ कामातला बदल धरला जातो. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर बंद. ‘एसए’ असेल तर तुमची फिल्मही त्याच अटींवर खुली करावी लागते. मला विचाराल तर ओळखीतल्या एखाद्या वादकाला सोबत घ्या, दोन सुरांची का होईना स्वतःची धून करा, आणि वापराची परवानगी लेखी घ्या. कलाकार आणि लोकेशनच्या मालकांकडूनही असाच सहीचा कागद शूटच्या दिवशीच घ्या. सहा महिन्यांनी सही मागताना संबंध ताणले जातात.

फिल्म झाल्यावर प्रमोशनचा विचार

पोस्टर करायला बसल्यावर लक्षात येतं की सेटवरचा एकही धड फोटो नाही. व्हिडिओतून काढलेली फ्रेम हलल्यामुळे बऱ्याचदा धूसर येते. शूटच्या दिवशी एका माणसाला फक्त फोटोंचं काम द्या. मुख्य पात्रांचे चेहरे, एक-दोन कामाचे फोटो, सगळे पूर्ण रेझोल्यूशनमध्ये. प्रवेशिका, पोस्टर, थंबनेल, बातमी, सगळीकडे हेच लागतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे फिल्म पूर्ण झाली त्याच रात्री यूट्यूबवर टाकणं. इतके महिने खपल्यावर लोकांना दाखवायची ओढ मला पुरेपूर कळते. पण काही महोत्सवांना आधी कुठेच न दाखवलेली फिल्म लागते, आणि ऑनलाइन आलेली फिल्म तिथून बाद होते. म्हणून आधी यादी करा: कोणते महोत्सव हवेत, त्यांचे प्रीमियरचे नियम काय, शेवटच्या तारखा कोणत्या. अनेक महोत्सवांच्या प्रवेशिका ‘फिल्मफ्रीवे’ या वेबसाइटवरून भरता येतात. लवकर भरल्यास शुल्क बऱ्याचदा कमी असतं, आणि नम्रपणे मेल केली तर काही आयोजक शुल्क माफही करतात. विचारायला संकोच नको. एकदम चाळीस ठिकाणी पाठवण्यापेक्षा आपल्या विषयाच्या आठ-दहा महोत्सवांना पाठवा. त्यांनी मागच्या वर्षी काय निवडलं ते बघून.

लांबीचाही विचार करा. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट धरली जाते, तर कान महोत्सवाच्या शॉर्ट फिल्म स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं आहे. निवड करणाऱ्यांना एका खेळात जास्तीत जास्त फिल्म बसवायच्या असतात, त्यामुळे दहा मिनिटांच्या फिल्मला जागा सापडणं सोपं. सुरुवातीची दीड मिनिटाची नावं आणि लोगो काढून टाका. नावं शेवटी द्या.

सबटायटल आपल्या भाषेच्या प्रेक्षकांसाठीही हवीत, कारण मोबाईलवर कितीतरी जण आवाज बंद ठेवून बघायला सुरुवात करतात. एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नको. एक प्रत सबटायटल चित्रात उमटवलेली आणि एक स्वच्छ, सोबत एसआरटी फाइल (फक्त सबटायटलचा मजकूर आणि वेळा असलेली) वेगळी, असा संच तयार ठेवा.

प्रवेशिकेतली खाजगी लिंक पाठवण्याआधी ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडून शेवटपर्यंत बघा. आपल्या संगणकावर आपण आधीच लॉगिन असतो, त्यामुळे ती आपल्याला उघडते आणि परीक्षकाला उघडत नाही. आणि निकाल लागेपर्यंत पासवर्ड बदलू नका.