लाइट गेली, पत्ता बदलला: लिनक्स कॉम्प्युटरवर डायनॅमिक डीएनएस कसं लावावं

जुलै २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला तेव्हा मी पुण्यात होतो आणि दादाचं वर्कशॉप कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात. तिथल्या एका जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स आहे. सगळ्या जॉबची ड्रॉइंग आणि बिलं त्यावरच. एरवी मी पुण्यात बसून त्यात शिरायचो आणि दादाला हवी ती फाइल काढून द्यायचो. त्या आठवड्यात लाइट गेली, दोन दिवसांनी आली, आणि माझं कनेक्शन काही लागेना. कॉम्प्युटर चालू, इंटरनेट चालू, राउटरचे दिवे हिरवे. बदलला होता तो फक्त आयपी पत्ता. वहीत लिहून ठेवलेला नंबर आता दुसऱ्याच कुणाच्या कनेक्शनला गेला होता. दादा भर पावसात वर्कशॉपवर गेला आणि स्क्रीनवरचे आकडे त्यानं फोनवर वाचून दाखवले, "बग, लिवून घे नीट, परत येनार न्हाई मी."

त्याच रात्री मी त्या कॉम्प्युटरवर डायनॅमिक डीएनएसचा क्लायंट बसवला. काम तासाभराचं आहे. पण त्यातली पहिली पंधरा मिनिटं बहुतेक जण वगळतात आणि मग दोन दिवस डोकं धरून बसतात, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी हे नेमकं काय आहे ते. कोल्हापुरात पेठेतला पत्ता विचारला तर घर नंबर कुणी सांगत नाही, अमुक तालमीच्या मागं म्हणून सांगतात. नंबर बदलला तरी तालीम जागेवर असते. इंटरनेटवर आयपी हा घर नंबर, आणि डीएनएस, म्हणजे नावावरून नंबर सांगणारी यंत्रणा, त्यातलं नाव ही तालीम. घरगुती कनेक्शनला कंपनी कायमचा नंबर देत नाही. राउटर बंद होऊन चालू झाला की बऱ्याचदा नवा मिळतो. डायनॅमिक डीएनएसचा क्लायंट म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर सतत चालणारा छोटा प्रोग्राम. "माझा नंबर आता हा आहे" असं तो डीएनएस सेवेला कळवत राहतो. बाहेरच्यानं फक्त नाव लक्षात ठेवायचं.

आणखी एक सूचना. खालच्या कमांड मी फोनवर सांगाव्यात तशा उच्चारानं लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

पहिलं काम: खरा पब्लिक आयपी आहे का ते बघा

लिनक्स कॉम्प्युटरवर टर्मिनल उघडून ही कमांड द्या:

कर्ल -४ आयएफकॉन्फिग.मी

समोर येणारा नंबर म्हणजे बाहेरचं जग तुम्हाला ज्या पत्त्यानं ओळखतं तो. आता ब्राउझरमधून राउटरच्या पानावर जा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि वॅन किंवा इंटरनेट स्टेटस या भागातला आयपी बघा. दोन्ही नंबर तंतोतंत एक असतील तर पुढं चला.

ते वेगळे असतील तर थांबा. राउटरवरचा नंबर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर कंपनीनं अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी दिलेला आहे. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात आणि हा पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठीच राखून ठेवला गेला. अशा कनेक्शनवर डायनॅमिक डीएनएस अगदी व्यवस्थित लागेल, नाव बरोबर पत्ता दाखवेल, आणि तरीही बाहेरून कुणी आत येऊ शकणार नाही. तालीम सापडली, पण तिच्यामागं शंभर खोल्यांची चाळ, आणि तुमच्या खोलीचा नंबर फक्त मालकाला ठाऊक. मी स्वतः हे न बघता एका नातेवाइकाच्या घरी आख्खा रविवार घालवला आहे.

राउटरवरचा नंबर १०. किंवा १९२.१६८. नं सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर आधी घरातच शोधा. फायबरवाल्यानं भिंतीवर लावलेला डबा आणि तुम्ही विकत आणलेला राउटर, असे दोन राउटर एकामागं एक असतात. फायबरच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये, म्हणजे राउटरचं काम सोडून नुसतं कनेक्शन पुढं देण्याच्या स्थितीत, टाकायला सांगा. केबलवाल्याच्या माणसाला फोन केला की तो हे करून देतो. काही कंपन्या मात्र हाच पट्टा स्वतःच्या जाळ्यात वापरतात, तेव्हा मामला पुन्हा वरच्यासारखाच.

कॅरिअर ग्रेड नॅटवर उपाय तीन. जादा पैसे भरून कंपनीकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घेणं. मग डायनॅमिक डीएनएसची गरजच उरत नाही. दुसरा आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, लांब नंबरांची पद्धत), तुमच्याकडं आणि जिथून जोडायचं तिथंही असेल तर. तिसरा टेलस्केल किंवा क्लाउडफ्लेअर टनेलसारखी सेवा. यात तुमचाच कॉम्प्युटर बाहेर जाऊन जोडणी करतो, त्यामुळं पब्लिक आयपी लागत नाही. यांतलं काही करावं लागणार असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

नाव घ्या

फुकट सेवांमध्ये मी डकडीएनएस वापरतो. गूगल किंवा गिटहब खात्यानं आत जाता येतं आणि एका खात्यावर पाच नावं मिळतात. नो-आयपीही चांगली आहे, पण तिथलं फुकट नाव दर ३० दिवसांनी ईमेलवरून पक्कं करावं लागतं, आणि ऐन कामाच्या दिवसांत ते नेमकं राहून जातं. स्वतःचं डोमेन असेल तर क्लाउडफ्लेअरवर ठेवूनही हेच जमतं. फक्त त्या नावापुढचा नारिंगी ढग बंद करा, नाहीतर नाव तुमच्याऐवजी क्लाउडफ्लेअरचा पत्ता सांगेल.

नाव निवडताना वर्कशॉपचं किंवा आडनावाचं नाव देऊ नका. डीएनएसमधली नावं कुणीही विचारू शकतो. नाव घेतलं की पानावर वरच्या बाजूला टोकन नावाची लांबलचक अक्षरमाला दिसेल. ती तुमच्या नावाची किल्ली. व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, स्क्रीनशॉटमध्येही दिसू देऊ नका.

क्लायंट बसवा

डेबियन, उबुंटू किंवा रास्पबेरी पायवर:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल डीडीक्लायंट

(डी, डी आणि क्लायंट, मधे जागा नाही.) बसताना निळ्या पडद्यावर काही प्रश्न येतील. कुठलंही उत्तर देऊन पुढं जा, कारण फाइल आपण हातानंच लिहिणार आहोत:

सुडो नॅनो /ईटीसी/डीडीक्लायंट.कॉन्फ

आतलं सगळं पुसून या ओळी लिहा:

डीमन=३००
एसएसएल=येस
यूज=वेब
प्रोटोकॉल=डकडीएनएस
पासवर्ड=तुमचं टोकन
तुमचं नाव

डीमनचं स्पेलिंग डी-ए-ई-एम-ओ-एन. ३०० म्हणजे सेकंद. दर पाच मिनिटांनी क्लायंट नंबर तपासेल. त्याहून कमी करायची गरज नाही, फुकट सेवेवर उगाच भार पडतो. काही आवृत्त्यांत हा आकडा /ईटीसी/डीफॉल्ट/डीडीक्लायंट या फाइलमधून घेतला जातो, तेव्हा तिथंही एकदा नजर टाका. 'यूज=वेब' म्हणजे बाहेरच्या एखाद्या पानाला विचारून स्वतःचा पब्लिक आयपी शोध. ही ओळ चुकली तर क्लायंट नेटवर्क कार्डावरचा १९२.१६८ वाला घरातला नंबर जगाला कळवू शकतो, आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही. डीडीक्लायंटच्या ४ क्रमांकाच्या आवृत्तीत याच्या जागी 'यूजव्ही४=वेबव्ही४' असं लिहितात.

शेवटच्या ओळीत फक्त छोटं नाव लिहा, पुढचं डकडीएनएस.ऑर्ग हे शेपूट नको. फाइल सेव्ह केल्यावर ती रूट (मुख्य प्रशासक खातं) सोडून कुणाला वाचता येऊ नये म्हणून:

सुडो सीएचमॉड ६०० /ईटीसी/डीडीक्लायंट.कॉन्फ

हे विसरू नका. त्या कॉम्प्युटरवर हिशेबाला बसणाऱ्या मुलाचं वेगळं खातं असेल तर टोकन त्याच्यासमोर उघडं पडतं.

आता एकदा हातानं चालवून बघा:

सुडो डीडीक्लायंट -डीमन=० -डीबग -व्हर्बोज -नोक्वाएट

पडद्यावर बराच मजकूर धावेल. शेवटाकडं 'सक्सेस' शब्द आणि तुमचा नंबर दिसला की झालं. 'फेल्ड' दिसलं तर टोकनमध्ये एखादं अक्षर सुटलंय का, ओळीच्या शेवटी नको ती जागा राहिलीय का, हे बघा. माझ्या अनुभवात दहांतल्या आठ वेळा तेच निघतं. मग सेवा कायमची चालू करा:

सुडो सिस्टमसीटीएल एनेबल डीडीक्लायंट
सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट डीडीक्लायंट

एक गोष्ट फार छळते. शेवटचा कळवलेला नंबर डीडीक्लायंट स्वतःच्या नोंदीत ठेवतो आणि तो बदलला नसेल तर सेवेला बरेच दिवस पुन्हा काही सांगत नाही. वागणं योग्यच आहे. पण तुम्ही डकडीएनएसच्या पानावर जाऊन हातानं नंबर बदललात, तर क्लायंटला ते कळतच नाही आणि तो "सगळं ठीक" म्हणत बसून राहतो. अशा वेळी सेवा थांबवा, /व्हीएआर/कॅश/डीडीक्लायंट फोल्डरमधली डीडीक्लायंट.कॅश फाइल पुसा आणि सेवा पुन्हा सुरू करा.

दार कुठलं उघडायचं

नाव लागलं म्हणजे दार उघडलं असं नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून ठरावीक पोर्टवर (क्रमांकाच्या दारावर) आलेली जोडणी आतल्या एका कॉम्प्युटरकडं वळवणं, करावं लागतं, आणि त्याआधी डीएचसीपी रिझर्व्हेशनमधून कॉम्प्युटरला घरातला ठरावीक नंबर द्यावा लागतो, समजा १९२.१६८.१.५०. नाहीतर लाइट गेल्यावर आतला नंबरही बदलेल आणि दार भलत्याच मशीनवर उघडेल.

इथं मी आग्रहानं सांगतो: कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं (रेकॉर्डिंगच्या डब्याचं) पोर्ट थेट बाहेर उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर मोठ्या संख्येनं ताब्यात घेतले, आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला. ट्विटरसारख्या मोठ्या साइट काही तास लोकांना मिळेनात. डायनॅमिक डीएनएस ज्या डिनडीएनएस सेवेमुळं घराघरांत पोहोचलं तीच ही कंपनी. म्हणजे घरोघरचे उघडे कॅमेरेच तिच्यावर उलटले.

त्यापेक्षा वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून जाणारा कुलूपबंद बोगदा, लावा. २०२० मध्ये आलेल्या ५.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ते लिनक्समध्येच आहे. राउटरवर फक्त यूडीपी ५१८२० हे एक पोर्ट त्या कॉम्प्युटरकडं वळवा, आणि एकदा वायरगार्डनं आत शिरलात की फाइल, कॅमेरा, एसएसएच (दुरून कमांड चालवायची सोय) सगळं घरातल्यासारखं वापरा. चावी नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळं दार आहे हेही बाहेरून सहज कळत नाही. फोनवरच्या वायरगार्ड ॲपमध्ये एंडपॉइंटच्या जागी आयपीऐवजी आपलं पूर्ण नाव आणि पोर्ट टाका. लिनक्स लॅपटॉपवरून जोडत असाल तर एवढं लक्षात ठेवा: वायरगार्ड नावाचा नंबर सुरुवातीला एकदाच विचारतो. वर्कशॉपचा पत्ता मधेच बदलला तर बोगदा बंद करून पुन्हा चालू करा, नाव परत विचारलं जाईल.

एसएसएच थेट उघडायचंच असेल तर पासवर्डनं शिरणं बंद करून फक्त चावीनं चालू ठेवा. यात तडजोड नको.

तपासणी बाहेरूनच करा

घरच्या वायफायवर बसून स्वतःचंच नाव उघडायला गेलं की काही राउटर ते परत आत वळवत नाहीत, आणि सगळं नीट असूनही बंद वाटतं. मोबाइलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा, मग जोडून बघा. नाव कुठला नंबर सांगतंय ते बघायला कुठल्याही लिनक्सवर:

डिग +शॉर्ट तुमचंनाव.डकडीएनएस.ऑर्ग

डिग नसेल तर डेबियनवर डीएनएसयूटिल्स हे पॅकेज घ्या.

त्यानंतर लाइट जाण्याची परीक्षा. राउटर आणि कॉम्प्युटर दोन्हींची बटणं बोर्डावरून बंद करा, पाच मिनिटं थांबा, चालू करा. कॉम्प्युटर आपोआप उठत नसेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन लाइट आल्यावर चालू होण्याचा पर्याय निवडा. बऱ्याच मदरबोर्डवर तो पॉवरच्या पानावर 'एसी' शब्दाजवळ सापडतो. कॉम्प्युटर उठला तरी फायबरचा डबा जागा व्हायला आणखी दोनतीन मिनिटं घेतो, म्हणून क्लायंटची पहिली खेप फुकट जाऊ शकते. घाबरू नका, पुढच्या फेरीत तो नवा नंबर कळवतो. दहा मिनिटांनी डिग पुन्हा चालवा. नंबर बदललेला दिसला आणि मोबाइलवरून जोडणीही झाली, तर काम पक्कं. नंबर आलाच नाही तर:

सुडो जर्नलसीटीएल -यू डीडीक्लायंट

यात कुठं अडलं ते वेळेसकट लिहिलेलं असतं.

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकू लागलं की दादा आता वर्कशॉप बंद करण्याआधी कॉम्प्युटर आणि राउटर टेबलावरून माळ्यावर चढवतो, तारा लावूनच ठेवतो आणि मला फोन करतो. मी इथून एकदा डिग चालवतो, बोगदा जोडतो, त्या आठवड्याची ड्रॉइंग पुण्याच्या डिस्कवर उतरवून घेतो, आणि मग त्याला सांगतो, "आली सगळी. लाव कुलूप."